खेळाच्या तासात शेवटचं मूल किती पळालं? नव्या क्रीडाशिक्षकांसाठी

शाळेत रुजू झालात की पहिल्या दिवशी शिट्टी मिळते, साहित्याच्या कपाटाची किल्ली मिळते आणि वेळापत्रक मिळतं. कपाटात बहुधा हवा गेलेले दोन फुटबॉल, एक बॅट, गुंता झालेल्या दोऱ्या आणि लेझमांचा ढीग. वेळापत्रकात ३५ मिनिटांची तासिका, वर्गात ४८ मुलं. मी पाचवी ते दहावीच्या वर्गांना शारीरिक शिक्षण शिकवते. नव्याने या कामाला लागणाऱ्यांनी पहिल्या सहा आठवड्यांत काय करावं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. शाळेचा संघ जिल्ह्याला जाणं आनंदाचंच आहे, पण खो-खोच्या संघात १२ मुलं असतात आणि तास ४८ मुलांचा असतो. तास कसा झाला हे रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघून ठरवायचं. बाकी सगळ्या युक्त्या या एका गोष्टीतून निघतात.

पहिला आठवडा: काही बदलू नका, मोजा

शाळेत आजवर तास जसा चालत आला आहे तसाच चालू द्या. फक्त वर्गातलं एक मूल मनात निवडा. खेळात पुढे असणारं नको, मधलं किंवा मागचं. त्याला सांगू नका. ते हलायला लागलं की घड्याळ चालू करा, थांबलं की बंद.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तो सातवीच्या एका मुलीवर. वर्ग जिना उतरून मैदानावर यायला ५ मिनिटं गेली. रांगा आणि हजेरीत ६ गेली. मग अर्ध्या मुलांनी क्रिकेट मांडलं, मुलींना डॉजबॉल दिला. दुसऱ्याच फेकीला ही बाद झाली आणि कट्ट्यावर जाऊन बसली. नवा डाव लागला तेव्हा पुन्हा आत आली आणि पुन्हा लवकर बाद झाली. तास संपला तेव्हा घड्याळात ६ मिनिटं आणि काही सेकंद होते, आणि त्यातही येता-जाताना जिना चढण्या-उतरण्याची मिनिटं मी धरली होती.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरकस हालचाल हवी असं सांगते. जगातल्या ११ ते १७ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांची तेवढी हालचाल होत नाही आणि मुलींचं प्रमाण मुलांपेक्षाही वाईट आहे. शहरातल्या कित्येक मुलांना रिक्षा, शाळा, शिकवणी आणि घर एवढ्यात मैदान असं दिसतच नाही. त्यांच्यासाठी आपला तास हेच मैदान. त्यातली सहाच मिनिटं हातात पडली तर ते मूल खेळाला का कंटाळलं याचं उत्तर वेगळं शोधायला नको.

दुसरा आठवडा: मैदान आणि पहिली पाच मिनिटं

मैदान मोजा. पावलांनी मोजलं तरी चालेल. त्याचे चार भाग करा आणि साधारण १० मीटरचे चार चौकोन फक्कीने आखा. रेषा आखायला फक्की किंवा रांगोळीच घ्या, कळीचा चुना कधीही नको. वाऱ्याने डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. पक्की जमीन असेल तर ऑईलपेंटने एकदाच रेषा मारून घ्या, वर्षभराचा त्रास वाचेल. रेषा दिसल्या की मुलं आपोआप त्यात जाऊन उभी राहतात. हे प्रत्यक्ष करून बघा. मोकळ्या मैदानावर ४८ मुलांना आवरणं आणि चार चौकोनांत १२-१२ मुलांना खेळवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता गट. दोन कर्णधार उभे करून त्यांना आळीपाळीने मुलं निवडायला लावणं आजपासून बंद करा. शेवटी कुणीही न निवडलेलं जे मूल उरतं, ते त्या दिवशी काय शिकतं याचा विचार करा. गट तुम्ही पाडा. जन्ममहिन्याप्रमाणे पाडा, उंचीच्या रांगेत एक-दोन-तीन-चार मोजून पाडा, पत्त्यांच्या रंगांवर पाडा. एकदा पाडलेला गट सहा आठवडे मोडू नका. गटाला नाव मुलांनाच ठेवू द्या. कायम एकत्र राहिलं की मुलं एकमेकांना सांभाळून घ्यायला लागतात, आणि हजेरीचंही काम होतं. गटप्रमुख आपल्या चौकोनातली डोकी मोजतो आणि कोण आलं नाही ते सांगतो. सहा मिनिटांची हजेरी एका मिनिटात होते. गटप्रमुख मात्र दर आठवड्याला बदला.

पहिला खेळ वर्ग येण्याआधी मांडलेला हवा. प्रत्येक चौकोनात चार दोऱ्या, दोन चेंडू असं काहीतरी. मूल मैदानावर आलं की थेट खेळायला लागलं पाहिजे. सगळे जमेपर्यंत वाट बघत उभं राहायचं नाही. कवायत आणि सावधान-विश्राम यायलाच हवं, त्याला वेगळा दिवस ठेवा.

'बाद' या शब्दाचं काय करायचं

आपल्या बहुतेक खेळांत बाद झालेलं मूल बाहेर बसतं. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे, ते सगळ्यात आधी बसतं. स्पर्धेत हे ठीक आहे. तासात नको.

लंगडी घ्या. बाद झालेल्याने रेषेबाहेर जाऊन दहा दोरीउड्या मारायच्या आणि परत आत यायचं. किती जण उरले हे मोजायचं नाही, दोन मिनिटांत किती वेळा शिवलं ते मोजायचं. डॉजबॉलमध्ये चेंडू लागला की त्याने समोरच्या बाजूला जाऊन फेकणाऱ्यांत सामील व्हायचं. लगोरीत ठिकऱ्यांऐवजी लाकडी ठोकळे आणि रबरी चेंडूऐवजी कापडी चेंडू घ्या, म्हणजे भित्री मुलंही जवळ उभी राहतील. नियम बदलताना मुलांना विचारा. सहावीच्या मुलांनी मला सुचवलं होतं की बाद झालेल्याला दुसऱ्याने टाळी दिली की तो लगेच आत. माझ्या दोरीउड्यांपेक्षा तो नियम चांगला होता आणि तोच टिकला.

तिसरा ते पाचवा आठवडा: एक खेळ नीट शिकवा

इथे जरा थांबून सांगते, कारण नवे शिक्षक बहुतेक वेळा इथेच चुकतात. रोज नवा खेळ दिला की मुलांना मजा येईल असं वाटतं. पहिल्या दोन दिवसांत येतेही. पण मुलाला खरा आनंद होतो तो काल न जमलेलं आज जमलं की. त्यासाठी एकाच खेळावर निदान सहा तास घालवावे लागतात.

मी सुरुवात खो-खोने करते. साहित्य लागत नाही, आणि खेळ आपल्या मातीतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. हे वर्गात सांगा, त्या सामन्यांचे व्हिडिओ असतील तर दाखवा. आजीच्या काळातला खेळ म्हणून नाक मुरडणारी मुलं मॅटवर मारलेला सूर बघितल्यावर गप्प होतात.

पण मोठं मैदान तासाच्या कामाचं नाही. नियमाप्रमाणे खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. आठ जण पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो, समोर तीन पळणारे. म्हणजे ४८ मुलांच्या वर्गात १२ खेळतात, ३६ बघतात. त्याऐवजी चारही चौकोनांत छोटा खो-खो मांडा. मधल्या रेषेवर चार बसणारे, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. झाले आठ. उरलेल्या चौघांत एक पंच, एक वेळ बघणारा, एक गुण लिहिणारा आणि एक दोरी घेऊन पुढच्या डावाची तयारी करणारा. डाव दोन मिनिटांचा. मग सगळ्यांनी जागा बदलायच्या. खांब नसतील तर दोन्ही टोकांना फक्कीने छोटा चौकोन आखा, त्यात पाय टेकवला की वळायची मुभा. बांबू डब्यात रोवून खांब करू नका, आपटला तर लागतो.

पहिल्या तासाला बसवूच नका. जोड्या करा आणि सावलीचा खेळ घ्या. एक पुढे पळेल, दुसरा त्याची सावली होऊन मागे. शिट्टी झाली की उलट. दिशा बदलताना शरीर कसं खाली जातं, कुठला पाय रोवावा लागतो, हे मुलांच्या अंगात इथे उतरतं.

दुसऱ्या तासाला बसणं आणि उठणं. कुल्ले टेकवून बसायचं नाही. उकिडवं, एक पाय पुढे, टाच उचललेली, हात जमिनीवर. मागून हाताचा स्पर्श आणि 'खो' हा शब्द एकाच वेळी आला पाहिजे. आवाज हळू निघतो, कारण बऱ्याच मुलांना शाळेत मोठ्याने बोलायची सवयच राहिलेली नसते. सगळ्यांना एकदम ओरडू द्या. एवढ्यानेच वर्ग मोकळा होतो.

तिसऱ्या तासाला छोटा डाव. पळणारा बाद झाला तरी तो खेळतच राहील, किती वेळा बाद केलं तेवढं लिहायचं.

चौथ्या तासाला मधेच खेळ थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: "पळणारा नेमका कुठे सापडतोय?" उत्तर तुम्ही द्यायचं नाही. एक मिनिट गटात बोलू द्या आणि पुन्हा खेळ सुरू करा. कोणीतरी म्हणतं, "मॅडम, तो टोकाला वळतो तेव्हा." मग दुसरा म्हणतो, "मग टोकाजवळ गेलं की लगेच खो द्यायचा." हूल कशी द्यायची, साखळीत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, कसं पळायचं, हे त्यांचं त्यांना सुचायला लागतं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी १९८२ मध्ये हीच दिशा मांडली होती: आधी छोटा खेळ, त्यातून प्रश्न, आणि मग गरज पडेल ते कौशल्य. उलटा क्रम लावला, म्हणजे आधी पंधरा मिनिटं नुसता उठण्याचा सराव, तर मुलांना तो सराव कशासाठी तेच कळत नाही.

पाचव्या आणि सहाव्या तासाला चार गटांची स्पर्धा. पंचही मुलंच. पंचाशी वाद घालणाऱ्याला पुढच्या डावात पंच करा, हा मला सापडलेला सगळ्यात उपयोगी नियम आहे.

झाडाखाली बसलेली मुलं

सातवीपासून पुढे काही मुली, आणि थोडे मुलगेही, मैदानावर येतात आणि सावलीत बसतात. "मॅडम, पोट दुखतंय." "बूट आणले नाहीत." "कालपासून बरं नाही." याला आळस म्हणून मोकळं होऊ नका.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. कडुलिंबाखाली दप्तर मांडीवर घेऊन बसायची. दोन आठवडे मी तिला उठवायचा प्रयत्न केला, ती आणखी आक्रसली. मग एकदा शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "कोणीच बघत नसेल तर तुला काय खेळायला आवडेल?" बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोरीउड्या. पण घरी मारते मी, गच्चीवर." पुढच्या तासाला मी मैदानाच्या मागच्या बाजूला, इमारतीच्या आडोशाला, एक दोरी आणि एक वही ठेवली. कोणालाही जाता येईल, तिथे कोणी मोजणार नाही, स्वतःच मोजून वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी तिने १४ लिहिले. दिवाळीच्या सुट्टीआधी ७०. तोवर तिथे आणखी पाच-सहा मुली यायला लागल्या होत्या. खो-खो तिला शेवटपर्यंत आवडला नाही. तिने खेळावाच असा आग्रह मी धरला नाही.

मुलींना विचारलंत तर अडचणी अगदी साध्या असतात. स्कर्टवर किंवा ओढणी सांभाळत धावता येत नाही. तासाच्या दिवशी ट्रॅकपँटची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या आणि पालकसभेत सांगा. पाळीच्या दिवसांत कारण विचारू नका. वर्गाशी आधीच एक खूण ठरवा, उदाहरणार्थ मनगटाला रुमाल. खूण दिसली की तिने काय करायचं ते ती ठरवेल: चालेल, गुण लिहील, किंवा बसेल. पुरुष शिक्षक असाल तर हे बोलणं एखाद्या शिक्षिकेच्या मदतीने करा. शौचालयाला कुलूप असेल तर ते आधी उघडून घ्या, त्याशिवाय बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

ज्या मुलाला चालायला त्रास आहे, ऐकू कमी येतं किंवा दिसत नाही, त्याला "तू गुण लिही" म्हणून वर्षभर बसवणं हा अन्याय आहे. चार गोष्टी बदलून बघा: जागा, काम, साहित्य, सोबती. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावणाऱ्या मुलाला पळणाऱ्यांत घेतलंत तर त्याच्यासाठी एक सुरक्षित चौकोन ठेवा. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर लाल झेंडा वर करा. दृष्टिहीन मुलासाठी चेंडूत घुंगरू शिवा. यातलं कुठलंही काम महाग नाही.

शिक्षा म्हणून पळवू नका

"मैदानाला पाच फेऱ्या मार", "वीस बैठका काढ". मूल गोंगाट करतं तेव्हा तोंडात हेच येतं. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच शिक्षा म्हणून दिली तर मूल त्या गोष्टीला आयुष्यभर शिक्षाच समजेल. शिवाय शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. गोंगाट करणाऱ्याला दोन मिनिटं खेळाबाहेर उभं करा. खेळ चांगला चालू असेल तर दोन मिनिटंही त्याला पुरतात.

मोजमाप, वजन आणि चाचण्या

शाळांत खेलो इंडियाच्या चाचण्या घ्याव्या लागतात: ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे वगैरे. घ्या, त्या उपयोगाच्या आहेत. पण उंची-वजन घेताना एका वेळी एकच मूल आत बोलवा आणि आकडा मोठ्याने वाचू नका. "अरे, तुझं एवढं?" हे एक वाक्य एखाद्या मुलाला वर्षभर मैदानापासून दूर ठेवतं. ६०० मीटरची यादी फळ्यावर लावू नका. प्रत्येकाच्या वहीत त्याचीच जूनची वेळ आणि त्याचीच डिसेंबरची वेळ शेजारी शेजारी लिहा. श्रेणी देतानाही हाच फरक बघा.

पाऊस, ऊन आणि तास मागायला येणारे सहकारी

पावसाळ्यात वर्गात बसून अभ्यास घेण्यापेक्षा व्हरांड्यात लेझीम घ्या, बाकांमध्ये योगासनं घ्या, वर्गात कॅरमचे डाव लावा. मार्चनंतर दुपारचा तास असेल तर तो सकाळी बदलून मागा. नाहीच मिळाला तर सावलीतले खेळ, आणि दर दहा मिनिटांनी पाणी. प्रथमोपचार पेटी कपाटात कुलपात नको, मैदानावर तुमच्याजवळ हवी.

परीक्षा जवळ आली की गणित-विज्ञानाचे शिक्षक तास मागतात. सुरुवातीच्या वर्षांत, एका शाळेत, माझे जानेवारीनंतरचे जवळजवळ सगळे तास असे गेले. मुलं रोज विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. नंतर मी एक केलं. पुढच्या सहा आठवड्यांचं नियोजन एका कागदावर लिहून शिक्षकखोलीत लावलं: कुठल्या तासाला कुठला वर्ग काय शिकणार, कधी स्पर्धा, कोण पंच. मुख्याध्यापकांना स्पर्धेला बोलावलं. ज्या तासाला काही ठरलेलं दिसत नाही, तो मोकळा समजला जातो. ठरलेला दिसला की मागणारा दोनदा विचार करतो. तरी कोणी मागितला तर द्या, पण बदल्यात त्यांचा कुठला तास मिळेल ते तिथेच लिहून घ्या.

सहावा आठवडा: पुन्हा घड्याळ

आता पहिल्या आठवड्यातला प्रयोग परत करा. तेच मूल, तीच ३५ मिनिटं. पाहुणे यायचे आहेत किंवा स्पर्धा आहे असा दिवस नको, साधा मंगळवार-बुधवार निवडा. माझ्या सातवीतल्या त्या मुलीची दुसऱ्या मोजणीत २१ मिनिटं भरली. राहिलेली १४ कुठे गेली तेही मी लिहून काढलं: जिना ४ (या वेळी तो हालचालीत धरला नाही), बूट घालणं ३, पाणी २, गट बदलताना ३, माझं बोलणं २. बूट वर्गातच घालून खाली यायचं ठरवलं आणि पुढच्या आठवड्यापासून त्यातली तीन मिनिटं परत मिळाली.